प्रेतानं हलायचं नाही

मामांना किळस यायची. आता किळस कुणाला येत नाही? पण तुमची-आमची किळस पाहुण्यासारखी, आली तशी जाते. मामांकडे ती बिऱ्हाड करून राहिली होती. हॉटेलात गेले की चमचा आधी नाकाशी, मग उजेडात, मग रुमालानं पुसून ताटात. दाराची कडी कोपरानं उघडायची. शेजारी कुणी शिंकलं की मामा दोन पावलं मागे आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. लोक हसायचे. हसोत बापडे, मामा म्हणायचे, त्यांच्या नाकातलं त्यांना लखलाभ.

उभा जन्म गेला इस्पितळात, एक्स-रे काढण्यात. माणूस यायचा, थंड पाटीला छाती टेकवायचा, हनुवटी वर ठेवायचा. मामा काचेच्या आड जाऊन ओरडायचे, "श्वास घ्या. धरा. हलू नका!" माणसं हलतातच. नाक खाजवतात, 'झालं का हो' म्हणून मान वळवतात. मामा पुन्हा, "हलू नका!" तरी हललं, तर पुन्हा. माणसाचा दगड होईपर्यंत सांगायचे. इस्पितळात त्यांचं नावच 'हलूनका' पडलं होतं. माणूस गेला की त्याच्या घामाची ओल त्या पाटीवर दिसायची, आणि मामा स्पिरिटचा बोळा घेऊन ती अशी पुसायचे, की जणू पाटीवर गुन्हा घडलाय. हाडांची मात्र त्यांना कधीच किळस आली नाही. "हाडं स्वच्छ असतात हो," ते म्हणायचे, "घाण असते ती सगळी वरची."

आणि अशा माणसाला बायको मिळाली ती मामी! बोटाला थुंकी लावून पानं उलटणारी, कुणाच्याही पेल्यातलं पाणी पिणारी, टूथपेस्टची नळी मधोमध पिळणारी. लग्नानंतर एकदा ती चुकून मामांच्या ब्रशानं दात घासून मोकळी झाली, तर मामा त्याच पावली दुकानात जाऊन नवा ब्रश घेऊन आले. मामींनी ही गोष्ट पुढे आयुष्यभर आल्यागेल्याला सांगितली, आणि दर वेळी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. पण काय झालं कोण जाणे, होता होता मामा तिच्या कपातला उरलेला चहा प्यायला लागले. तिच्या ताटातला तुकडा उचलायला लागले. अख्ख्या जगात एकाच माणसाचं उष्टं त्यांना चाललं.

ती गेली. एका सकाळी दात घासले, ब्रश ओलाच कपात ठेवला, म्हणाली, "पार पिसारलाय मेला, आल्यावर नवा आणू." आणि मामांच्याच इस्पितळात भरती झाली, ती परत आलीच नाही. न्हाणीघरातल्या कपात तो हिरवा ब्रश मामांच्या ब्रशाशेजारी उभा राहिला. मामा रोज सकाळी कप विसळायचे, पुसायचे, दोन्ही ब्रश परत ठेवायचे. का, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर उत्तर देता आलं नसतं. विचारणार तरी कोण?

तेच तर दुखणं होतं. घर खायला उठायचं. नोकरीतून मोकळे झाल्यावर तर दिवसचे दिवस कुणाशी शब्द नाही. मामा ओट्यापाशी उभ्यानंच जेवायचे, कारण एकट्यासाठी टेबल पुसायचं, ताट मांडायचं, आणि मांडून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं, हे त्यांच्यानं होईना. शेवटी किळस गिळली आणि आपण होऊन धाकट्या बहिणीला म्हणाले, "तुम्ही इकडेच या राहायला. खोल्या रिकाम्या आहेत. मला माणसं हवीत घरात."

धाकटी, तिचा नवरा आणि त्यांची मुलगी. एक तारखेला यायचं ठरलं. धाकटी खूश, मेव्हणे खूश, आणि भाची तर उड्याच मारू लागली. मामांचा जीव होता तिच्यावर. लहानपणी सुट्टीत इथेच असायची, मामींच्या शेजारी स्टुलावर उभी राहून दात घासायची, दोघींच्या तोंडाला फेस आणि हसणं आवरत नाही, मग सगळा आरसा पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला. पुसायचे कोण? मामा.

तर ही भाची म्हणाली, "मामा, रविवारी आईचा वाढदिवस आपण इथेच करू. दुपारी खुनाचा खेळ खेळू!"

"कसला खेळ?"

"एक जण मेलेला असतो, एक खुनी, बाकीचे संशयित. घरात पुरावे लपवायचे, ते सगळ्यांनी शोधायचे आणि शेवटी खुनी ओळखायचा. मी इन्स्पेक्टर. तुमच्या घरात माणसं वावरतील, तुम्हालाही जरा सवय होईल."

मामांना तिचं म्हणणं पटलं. एक दुपार काढली तर पुढचे दिवसही काढता येतील, हा त्यांचा हिशोब. आणि सोंगं सगळ्यांना वाटून झाल्यावर मामांच्या वाट्याला काय आलं? प्रेत! "तुम्हाला काही पाठ करायला नको, मामा. खुनी सापडेपर्यंत फक्त पडून राहायचं. प्रेतानं बोलायचं नाही, हलायचं नाही."

"हलायचं नाही," मामा म्हणाले, "हे मला कोण शिकवतंय बघा."

रविवारी मंडळी आली. धाकटीच्या शेजारचे दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या बाई. धाकटीच्या ऑफिसातला एक जाडा गृहस्थ, ज्याच्या हातात आल्यापासून वेफर्सची पिशवी होती, त्याला आपण वेफर्सवालाच म्हणू. तो बुटांसकट आत आला. मामांनी दारात चपलांच्या मांडणीकडे डोळ्यांनी तीनदा खुणावलं, पण त्या पठ्ठ्यानं मांडणीवर पिशवी टेकवली आणि बूट तसेच! डॉक्टरीणबाई च्युइंगगम चघळत घरभर हिंडल्या. मेव्हण्यांनी न्हाणीघरात जाऊन हात धुतले आणि मामांच्या टॉवेलाला पुसले. मामांनी ते पाहिलं. टॉवेल मनातल्या मनात उकळत्या पाण्यात टाकला आणि गप्प बसले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ते हेच.

मग भाचीनं मामांना दिवाणखान्यात फरशीवर उताणं निजवलं आणि त्यांच्या जुन्या शर्टावर रक्त ओतलं. साखरेचा पाक आणि टोमॅटोचा सॉस. ई! कोमट, चिकट, बरगडीवरून हळूहळू पाठीखाली उतरणारं. "छान दिसताय हं मामा," भाची म्हणाली आणि टाळ्या वाजवून सगळ्यांना नियम सांगू लागली. "मी घरात जे पुरावे लपवलेत त्यांना लाल दोरा बांधलाय. दोरा असेल तेवढंच उचलायचं. दोरा नाही ती वस्तू मामांची, तिला हात लावायचा नाही."

सांगितलं, पण ऐकलं कोणी? सगळे केक खात होते.

फरशीवरून जग कसं दिसतं ते मामांना त्या दुपारी कळलं. पापण्यांच्या फटीतून नुसते पाय. मेव्हण्यांच्या मोज्याला भोक आणि त्यातून डोकावणारा अंगठा, नख वाढलेला. वेफर्सवाल्याचे बूट, ज्यांच्या तळाला रस्त्यावरचं काहीतरी ओलं चिकटलेलं होतं, आणि काय ते मामांना कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. तो त्यांच्यावरून पलीकडे गेला, तेव्हा वेफर्सचा चुरा मामांच्या कपाळावर पडला. मग मुंग्या आल्या. पाकाला येणारच त्या. एक मानेवरून चढली, कानाच्या पाळीशी थांबली, आत जावं की बाहेर राहावं याचा विचार करू लागली.  मामा दातांवर दात धरून मनात म्हणाले, श्वास घ्या, धरा, हलू नका. डॉक्टरीणबाईंनी वाकून त्यांच्या पोटावर केकची बशी ठेवली आणि सगळे खिदळले.

"दादा, जिवंतपणी कधी इतका शहाण्यासारखा वागला नाहीस रे!" धाकटी म्हणाली. मामांना बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. किळस येत होती, शिसारी येत होती, पण घरात आवाज होता. कपाटं उघडत होती, कुणी हाका मारत होतं, स्वयंपाकघरात भांडं पडलं. किती वर्षांनी त्या घरात भांडं पडलं होतं! मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. पडून राहू, मामा म्हणाले, एक तारीख आली की रोज असंच असेल.

एकेक पुरावा येऊ लागला. लाल दोरा बांधलेला हातमोजा, मग किल्ली, मग औषधाची रिकामी बाटली. प्रत्येक पुराव्यावर डॉक्टरांचं भाषण. आणि तेवढ्यात न्हाणीघरातून वेफर्सवाला ओरडत आला, "सापडला! सापडला! हा माणूस एकटा राहत नव्हता! हे बघा, कपात दोन ब्रश!"

त्याच्या मीठ लागलेल्या, तेलकट बोटांत मामींचा हिरवा ब्रश होता.

मामांचा श्वास छातीतच अडकला. या वेळी तो त्यांनी धरला नव्हता.

"त्याला दोरा नाहीये," भाची म्हणाली. हळू म्हणाली.

पण डॉक्टरांनी तो घेतला होता. डॉक्टर माणूस, दातांचा, आणि वर इतक्या लोकांसमोर संधी! त्यांनी ब्रश उजेडात धरला. "केस बघा कसे पिसारलेत. दाबून घासणारी बाई. बाईच, नक्की. आणि जुना किती! हिच्या हिरड्यांतून रक्त येत असणार. मंडळी, मयताची चोरटी बाई होती!"

"अगं बाई, मामांची भानगड!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हास्याचा स्फोट झाला. वेफर्सवाला इतका हसला की त्याच्या तोंडातलं मामांच्या बाहीवर उडालं. ब्रश या हातातून त्या हातात गेला. कुणी नाकाशी धरून "शी!" केलं, कुणी त्यानं हवेत दात घासल्याचं सोंग केलं.

मामा वाट बघत होते. धाकटीला ठाऊक होतं तो ब्रश कुणाचा. आता ती बोलेल. आता म्हणेल, द्या तो इकडे. मामांनी जन्मभर लोकांना 'हलू नका' म्हटलं, आज एकदा त्यांना वाटत होतं, कुणीतरी हलावं.

धाकटी बोलली. "ई, टाका हो तो! कसली बाई नि कसलं काय, वहिनीचा आहे. गेली त्या दिवसापासून तसाच ठेवलाय कपात."

"म्हणजे... मेलेल्या माणसाचा?" डॉक्टरीणबाईंनी हात झटकले, ब्रश फरशीवर पडला.

"नाहीतर काय! अहो, मला त्या कपाकडे बघून मळमळतं. जगाचे चमचे पुसत फिरतो आणि स्वतःच्या न्हाणीघरात ही घाण. किती वेळा सांगितलं. आता आम्ही येतोय ना, पहिली ही बाहेर."

"अगं हळू, ऐकतील," मेव्हणे म्हणाले.

"ऐकू दे! काय बोलणार आहे? मेलाय तो!" आणि धाकटी स्वतःच्याच विनोदावर हसली. हसली ती वाईट मनानं नाही. वाढदिवस होता तिचा, चार माणसांत तिला मजा येत होती, एवढंच. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावले तर ओरडायचं कुणाच्या नावानं?

"शुभस्य शीघ्रम्," असं म्हणून मेव्हण्यांनी कागदी रुमालात धरून ब्रश उचलला, भोक पडलेल्या मोज्यांनी फटफट चालत स्वयंपाकघरात गेले. कचऱ्याच्या डब्याचं झाकण वाजलं.

मामांनी पापण्यांच्या फटीतून भाचीकडे पाहिलं. तिनंही त्यांच्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं. स्टुलावर उभी राहून ज्या हिरव्या ब्रशाशेजारी ती फेस उडवायची, तो तिच्याइतका कुणाला माहीत असणार? ती लाल झाली. तोंड उघडलं, मिटलं. मग इन्स्पेक्टरची टोपी सरळ करून म्हणाली, "चला, पुढचा पुरावा शोधू या."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार! उठावं तर वाढदिवसाचा विचका. उठावं तर धाकटी रुसणार, रुसली तर यायची नाही, आणि नाही आली तर पुन्हा तो ओटा, तो उभ्यानं गिळलेला घास, ते कुणी न बोलणारं घर. मामा पडून राहिले. जाऊ दे, ते स्वतःला म्हणाले. एक ब्रश तो काय. प्लास्टिकची काडी.

पण कान मरत नाहीत ना हो. स्वयंपाकघरातलं एकेक ऐकू येऊ लागलं. झाकण उघडलं, बशी खरवडल्याचा आवाज, केकची मलई पडली. झाकण बंद. पुन्हा उघडलं, कॉफीचा गाळ ओतला, पचक! मग कुणीतरी नाक शिंकरलं, सणसणीत, दोन्ही नाकपुड्यांनी, आणि तो कागद डब्यात गेला. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे टाकू कुठे?" आणि थू करून च्युइंगगम थुंकलं. मामांना सगळं दिसत होतं. झाकणातून, भिंतीतून, जसं त्यांना जन्मभर कातडीच्या आतलं दिसलं तसं. मलई, त्यावर गाळ, त्यावर शेंबूड, त्यावर थुंकी, आणि सगळ्यांच्या तळाशी ती. तिचं उष्टं, ज्यावर जगात फक्त त्यांचा हक्क होता.

दिवाणखान्यात सगळे गोल जमले होते. भाची म्हणाली, "आणि आता मी खुन्याचं नाव जाहीर करते. खुनी आहे..."

"हलला!" वेफर्सवाला किंचाळला. "प्रेत हललं!"

मामा उठून बसले. पोटावरची बशी फरशीवर फुटली. ते उभे राहिले, पाठीवरून पाक ओघळत होता, आणि कुणाकडे न बघता स्वयंपाकघरात गेले. सगळे मागोमाग. लोकांना वाटलं, खेळाचाच भाग आहे. डॉक्टरांनी तर टाळ्याही वाजवल्या.

मामांनी डब्याचं झाकण काढलं. वास वर आला. त्यांच्या घशाशी आलं, डोळ्यांत पाणी आलं. आणि मग, दाराची कडी कोपरानं उघडणारा तो माणूस गुडघ्यांवर बसला आणि त्यानं उघडा हात कोपरापर्यंत त्या राड्यात घातला.

टाळ्या थांबल्या.

"दादा!" धाकटी म्हणाली. "अरे दादा, काय हे! शी!"

मामा चाचपत होते. बोटांना मऊ लागलं, ओलं लागलं, तार सुटणारं चिकट काहीतरी लागलं. एकदा त्यांना खरंच उमासा आला, त्यांनी तोंड बाजूला केलं, गिळला आणि पुन्हा हात घातला. शेवटी काडी हाताला लागली. त्यांनी ब्रश बाहेर काढला. केसांत मलई, दांड्याला च्युइंगगम. बेसिनपाशी जाऊन ते नळाखाली तो धुऊ लागले. आधी ब्रश, सावकाश, केसांत बोट घालून घालून. स्वतःचा हात तसाच बरबटलेला.

धाकटी जवळ आली. रडवेली झाली होती. "एका ब्रशासाठी माझ्या वाढदिवशी हा तमाशा? मी काय चुकीचं बोलले? तूच सांग, किळस येत नाही तुला?"

"येते ना," मामा म्हणाले. "लहानपणापासून येते. टॉवेलाची येते, बुटांची येते, तोंडात घास असताना हसतात त्यांची येते. आज तुमच्या सगळ्यांची आली. हिची नाही येत."

मामांनी ब्रश पुन्हा नळाखाली धरला.

"आणि एक तारखेला येऊ नका तुम्ही."

"मग काय रोज एकटा जेवणार आहेस?"

"जेवेन."

"दादा, विचार कर. मी परत विचारणार नाही हं."

"नको विचारूस," मामा म्हणाले आणि नळ मोठा केला.

मंडळी गेली. डॉक्टर दारात "बरं, येतो मग" असं काहीतरी पुटपुटले. वेफर्सवाल्यानं जाताना बूट मांडणीपाशी पुसले, आता काय उपयोग? मेव्हण्यांनी धाकटीला हाताला धरून नेलं. ती जिन्यात मोठ्यानं रडली, ते मामांना ऐकू आलं. ते तिच्यामागे गेले नाहीत.

भाची थांबली होती. टोपी काढून हातात धरलेली, फरशीवरच्या लाल पाकाकडे बघत. "मामा," ती म्हणाली, "मी सांगितलं होतं. त्याला दोरा नाहीये म्हणून."

"सांगितलंस," मामा म्हणाले. "एकदा."

तिनं मान खाली घातली.

"अगं, माणूस एकदा सांगून थांबत नाही. मी पण एकदा सांगून थांबलो असतो, तर एकाचा तरी फोटो आला असता का?"

ती रडायला लागली. मामांनी तिला जवळ घेतलं नाही. त्यांचा हात अजून कोपरापर्यंत घाण होता, आणि जवळ घ्यावंसं त्यांना वाटलंही नाही. त्यांनी ओट्यावरचं फडकं तिच्यापुढे केलं. ती गुडघ्यांवर बसून फरशी पुसू लागली, मुंग्यांसकट, सॉससकट. फुटक्या बशीचे तुकडे वेचले. पुसून झाल्यावर पुन्हा एकदा पुसली. मग "जाऊ का?" म्हणाली आणि मामा "जा" म्हणाले.

दार लागल्यावर मामांनी हात धुतले. साबणानं, मग स्पिरिटनं, मग परत साबणानं, पार कातडी लाल होईस्तोवर. टॉवेल बादलीत भिजत टाकला. कप विसळला, पुसला, त्यात दोन ब्रश ठेवले. मग भूक लागली म्हणून ओट्यापाशी जाऊन, उभ्यानंच, दोन घास खाल्ले.